वाळत घातलेली वायर

"ही वायर कुणाची?"

साहेबाने विचारलं आणि बुटाचं टोक वायरीवर टेकवलं. नारिंगी वायर ग्लेनिसच्या खिडकीतून निघायची, फुटपाथच्या फरश्यांवरून आडवी जायची आणि गल्लीत उभ्या असलेल्या व्हॅनच्या मागच्या दारात शिरायची.

"माझी." ग्लेनिस व्हॅनमध्ये कमरेपर्यंत शिरलेली होती, तिथूनच बोलली. "पाय काढा आधी. वीज आहे तिच्यात."

साहेबाने पाय असा काही उचलला की माझ्या दारात उभा असलेला मी चहाचा घोट नाकात घालवून बसलो.

"हसू नकोस क्लिफ," ग्लेनिस बाहेर येत म्हणाली. "कामावरचा माणूस आहे तो."

ती हात पुसत समोर आली. अंगावर दोन स्वेटर, त्यावर रबरी कोट, डोक्यावर कानापर्यंत ओढलेली लोकरीची टोपी. साहेब पोरगेलासा होता आणि थंडीने त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. तो नगरपालिकेकडून आला होता. कुणीतरी तक्रार केली होती. फुटपाथवर वायर, वायरीवर बर्फ, कुणी अडखळून पडलं तर?

"बाई, मला समजतं," तो म्हणाला. "पण आजपासून ही वायर जमिनीवर दिसता कामा नये. दिसली तर मला पुढचं करावं लागेल."

"आणि माझी गाडी गोठली तर ते कोण करणार?"

"गाडी गोठत नाही हो बाई. इंजिनात ते घालतात ना, न गोठायचं..."

"इंजिनाचं कोण बोलतंय?" ग्लेनिसने व्हॅनचं दार उघडून धरलं. "या. बघा."

तो वाकून बघू लागला. आत पाण्याची मोठी टाकी होती, तिच्या शेजारी पंप, गाळण्याचे उंच नळकांडे, आणि चक्रीवर गुंडाळलेला लांबच लांब पाइप. पंपाला तिने जुनी रजई पांघरली होती. कोपऱ्यात छोटा हीटर लालसर दिसत होता.

"टाकी लवकर गोठत नाही, तिच्यात पाणी भरपूर," ती म्हणाली. "पहिला मरतो तो पंप. मग फिल्टर. आतलं पाणी फुगतं आणि फाडून टाकतं. सगळं बोल्टने पक्कं केलेलं आहे, आणि माझा हा खांदा गेलेला. रोज संध्याकाळी सोडवून घरात न्यायला मी काही घोडा नाही. मग? रजई आणि हीटर. हीटरला वायर. वायरीला जमीन."

साहेबाने खिशातून फोन काढला, वायरीचा फोटो काढला आणि म्हणाला, "जमीन सोडून काहीही बघा, बाई." मग त्याने टोपीला हात लावला आणि तो उतारावरून जपून निघून गेला.

आमची टेंटर स्ट्रीट म्हणजे टेकडीच्या पोटावरची एक अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना काळ्या दगडाची घरं, खांद्याला खांदा लावलेली, दारं सरळ रस्त्यावर उघडणारी. कुणाला अंगण नाही, कुणाला गॅरेज नाही. खाली नदी, नदीकाठी बंद पडलेली लोकरीची गिरणी. मी आयुष्यभर बस डेपोत ब्रेक दुरुस्त केले. ग्लेनिस ऑर्मरॉड समोरच्या घरात राहते. ती खिडक्या पुसते. नवरा सोडून गेला तेव्हा मुलगा रसेल शाळेतही जात नव्हता. दुसऱ्या दिवशी ती शिडी आणि बादली घेऊन बाहेर पडली, ती अजून पडतेच आहे. पुढे गुडघ्यांनी शिडीला नकार दिला तेव्हा तिने व्हॅन घेतली. आता ती जमिनीवर उभी राहून लांब काठीने वरच्या मजल्याच्या खिडक्या धुते. काठीच्या टोकाला ब्रश, ब्रशातून पाणी. पाणी गाळून इतकं शुद्ध केलेलं असतं की पुसावं लागत नाही, काच आपोआप डाग न पडता वाळते.

आमच्याकडे खिडक्या पुसणाऱ्यांची घरं ठरलेली असतात. कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे मानतात. ग्लेनिसच्या वाट्याच्या घरांची दारं दुसरा कुणी वाजवत नाही. मात्र तिच्या दोन खेपा लागोपाठ चुकल्या, की ते घर मोकळं. मग कुणीही जावं, कुणीही दार वाजवावं, आणि रागवायचं नाही. म्हणून हिवाळा वाईट. बाकीचे पुसणारे थंडीत घरी बसतात, पण तेही एकमेकांवर नजर ठेवून बसतात. ग्लेनिस बसत नाही. "थंडी काय माझ्या एकटीसाठी येते का?" असं तिचं म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात मात्र तिची गाडी गोठली. पंप फुटला, फिल्टर फुटला. दुरुस्ती होईपर्यंत एक खेप चुकली, दुसरी कशीबशी वाचली. तेव्हा रसेल आला होता. तो टेकडीपलीकडे राहतो, कारकुनी करतो, आईवर जीव आहे त्याचा. फक्त तो जीव त्याला ओरडूनच दाखवता येतो.

"आई, पुरे झालं आता," तो माझ्यासमोरच म्हणाला होता. "तू सहासष्ट वर्षांची आहेस. खांदा गेलाय. डीन गाडी घ्यायला तयार आहे. देऊन टाक."

डीन म्हणजे खालच्या बाजारपेठेतला. त्याच्याकडे तीन गाड्या आणि रात्री गाड्या उभ्या करायला गरम शेड.

"नाही देणार."

"मग पुन्हा गोठली तर?"

"पुन्हा गोठली तर विकीन गाडी."

"शब्द?"

"शब्द. क्लिफ ऐकतोय."

मी ऐकत होतो, आणि मला ते मुळीच ऐकायचं नव्हतं.

तर साहेब गेला त्या दिवशी रेडिओवर सांगत होते की आठवडाभर थंडी हटणार नाही. संध्याकाळी चार वाजताच अंधारायला लागलं आणि फरश्यांवर पांढरं धरायला लागलं. मी पावाला चरबी लावून शेगडीसमोर बसणार, तेवढ्यात दार वाजलं.

"क्लिफ, तुझ्या भिंतीतला आकडा अजून धरतो का?"

"कसला आकडा?"

"वाळवणाचा."

मला दोन क्षण लागले. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीत, वरच्या मजल्याच्या उंचीवर लोखंडी आकडा ठोकलेला आहे. समोरासमोरच्या दोन आकड्यांत दोरी बांधायची, कप्पीवरून ओढायची, आणि धुणं रस्त्यावर आडवं वाळत घालायचं. अंगण नसलं की आकाशच वापरावं लागतं. माझी आई सोमवारी धुणं घालायची तेव्हा कोळशाची गाडीसुद्धा गल्लीच्या तोंडाशी थांबायची. धुणं बाहेर असलं की गल्लीतून वाहन न्यायचं नाही, ही रीत. हल्ली घराघरात यंत्रं आली, दोऱ्या गेल्या. आकडे मात्र राहिले.

"धरेल की," मी म्हणालो. "पण आता या थंडीत तू काय वाळत घालणार?"

"वायर."

मी पाव खाली ठेवला.

तिने सगळं ठरवूनच आणलं होतं. तिच्या माडीच्या खिडकीतून वायर काढायची, वाळवणाच्या दोरीला बांधत रस्त्याच्या मध्यापर्यंत आणायची, आणि तिथून खाली व्हॅनच्या मागच्या दारात सोडायची. व्हॅन बरोबर दोरीखाली उभी करायची. वायर जमिनीला लागत नाही. साहेब म्हणाला होता, जमीन सोडून काहीही.

"आणि वर लोंबकळणारी वायर त्याला चालेल?"

"वायर दिसली तर ना?" तिच्या हातात चादरींची बादली होती.

मी शिडीवर चढलो, आकडा हलवून पाहिला. पक्का होता. आम्ही दोरी चढवली. ग्लेनिस माडीतून वायर सोडत होती, मी खालून बांधत होतो. तेवढ्यात माझ्या शेजारचं दार उघडलं आणि एडनामावशी पायरीवर आली.

एडनामावशी सत्त्याऐंशी वर्षांची. नात्याने कुणाचीच मावशी नाही, पण गल्लीत लहानमोठे सगळे तिला मावशीच म्हणतात. गुडघे गेलेत, नजर तेवढी घारीची.

"संध्याकाळी धुणं?" ती ओरडली. "ग्लेनिस, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"सकाळी वेळ नसतो मावशी!"

"आणि चादर अशी घालतात? टोकाला टोक! मधोमध काय चिमटा लावतेयस? क्लिफर्ड, तुला तुझ्या आईने काही शिकवलं नाही?"

"मला ब्रेक शिकवले मावशी."

"मग ब्रेक लाव तोंडाला, आणि तो चिमटा सरळ कर."

तिच्या देखरेखीखाली चार चादरी आणि एक टेबलावरचं कापड वायरीवर चढलं. शेवटी ग्लेनिसने स्वतःचे लांब लोकरीचे पायजमे, जिथे वायर खाली वळत होती बरोबर तिथे अडकवले. हीटर लागला. मावशी समाधानाने मान हलवून म्हणाली, "थंडीत घातलेलं पांढरं जास्त उजळतं. माझी आजी सांगायची. गोठू दे चांगलं."

साहेब तिसऱ्या दिवशी सकाळीच आला. ग्लेनिस अजून निघालेली नव्हती. चादरी गोठून पत्र्यासारख्या ताठ झाल्या होत्या आणि वाऱ्यावर एकमेकींवर खडखडत होत्या. साहेब खाली उभा राहून वर बघत राहिला.

"हे काय आहे?"

"वाळत घातलंय," ग्लेनिस म्हणाली.

"उणे पाच अंशात?"

"आमच्या घरात उशिरा वाळतं."

"बाई, मला वायर दिसते आहे."

"कुठे?"

"तिथे. त्या... त्या पायजम्यातून."

"साहेब," मी माझ्या दारातून म्हणालो, "बाईमाणसाच्या पायजम्यात इतकं बारकाईने बघायची नगरपालिकेची पद्धत आहे का?"

त्याच्या नाकाचा लाल रंग कानांपर्यंत पसरला. तोवर एडनामावशी काठी टेकत बाहेर आलीच होती.

"कोण रे तू? धुणं काढायला सांगतोयस?"

"नाही, आजी, मी फक्त..."

"या गल्लीत माझ्या लग्नाआधीपासून धुणं लागतंय. तुझ्या कचेरीला तेव्हा छप्पर तरी होतं का? धुण्याला हात लावायचा नाही. कळलं?"

साहेबाने फोन काढला. चादरींकडे पाहिलं, ग्लेनिसकडे पाहिलं, आणि फोन परत खिशात टाकला. जाताना हळूच म्हणाला, "पावसाळी सॉकेट वापरा, बाई. पाणी शिरणार नाही असं. तेवढं तरी करा."

"तेच लावलंय," ग्लेनिस म्हणाली. "मला मरायचं नाहीये. मला कामाला जायचंय."

ती कामाला निघाली की मी तिच्याबरोबर जायचो, मीठ टाकायला. काचेवरून ओघळलेलं पाणी पायरीवर पडतं आणि तिथेच काचेसारखं गोठतं, मग घरधनी बाहेर येतो तो पाठीवरच. म्हणून ती पुढे खिडकी धुवायची आणि मी मागे बादलीतून मीठ पसरत चालायचो. तिने खांदा वर नेला की चेहरा बारीक व्हायचा. मी तिकडे बघायचो नाही. बघितलेलं तिला चालत नाही.

टेकडीवरच्या मोठ्या घरांपाशी एकदा डीन भेटला. गाडीतच बसला होता, काच खाली केली.

"मिसेस ऑर्मरॉड, सगळं गाव घरी बसलंय. तुम्ही तेवढ्या बाहेर."

"मग तूही बस की घरी."

"मी बघायला आलो होतो."

"काय? मेलेय का ते?"

डीन हसला. वाईट माणूस नाही तो. "तुमच्या खेपा चुकत नाहीत हे बघायला," तो खरं ते बोलला.

"बघून झालं असेल तर गाडी पुढे घे. पाइप अडतोय."

असे दिवस गेले. रोज संध्याकाळी चादरी वर, सकाळी चादरी खाली. गल्लीतल्या पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्या लोंबत्या चादरींखालून वाकून जायला शिकले. गाडी गोठली नाही. मला वाटलं, जिंकली बाई.

मग रविवार आला. रसेलने आईला दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं. ग्लेनिस निघताना सगळं जागच्या जागी करून गेली. चादरी, वायर, हीटर. "संध्याकाळच्या बसने येते," म्हणाली. मी अंथरुणात होतो. छातीत कफ झाला होता, औषधाने डोळे उघडत नव्हते. खिडकीतून मी नुसता हात हलवला.

दुपारनंतर बर्फ सुरू झाला. टेकडीवरचा रस्ता बंद झाला, बस आलीच नाही. ग्लेनिसला रसेलकडे मुक्काम करावा लागला.

आता आमच्या गल्लीची आणखी एक रीत सांगायला हवी. धुणं बाहेर आहे, मालकीण घरात नाही आणि आभाळातून काही पडायला लागलं, तर जिला दिसेल तिने ते उतरवायचं, घड्या घालायच्या, टोपलीत भरून मालकिणीच्या दारात, छज्ज्याखाली ठेवायचं. विचारायचं नाही. आणि जिचं धुणं तिने आभार मानायचे नाहीत. आभार मानले म्हणजे परकं केलं. माझी बायको इस्पितळात होती तेव्हा कित्येकदा माझ्या दारात अशी टोपली असायची. शर्टाच्या बाह्या मागे दुमडून, कॉलर वर. सगळ्या गल्लीत तशी घडी एकच बाई घालते.

सोमवारी सकाळी मी शुद्धीवर येऊन पडदा सारला. गल्ली पांढरीशुभ्र. दोरी मोकळी. ग्लेनिसच्या दारात टोपली, आणि टोपलीसमोर नुकतीच पहिल्या बसने आलेली ग्लेनिस, हातात अजून पिशवी.

मी कोट चढवून तसाच बाहेर पडलो.

टोपलीत चादरी होत्या, टोकाला टोक जुळवलेल्या. त्यावर टेबलाचं कापड. त्यावर पायजमे. आणि सगळ्यात वर नारिंगी वायर, सुबक वेटोळी करून मधे फडक्याच्या चिंधीने बांधलेली. सॉकेटचं तोंड कोरड्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. भिजू नये म्हणून.

ग्लेनिसने पिशवी खाली ठेवली, व्हॅनचं दार ओढलं. ते कडकड करत उघडलं. रजई तशीच होती. तिने रजई बाजूला केली. पंपाच्या काळ्या कवचावर वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि चिरेतून बर्फ बाहेर आला होता, जिभेसारखा. फिल्टरचं नळकांडं तळाशी फुटलेलं. पाइपला तिने हात लावला तर तो काठीसारखा वाजला.

तिने पंपावर हात ठेवला.

"ग्लेनिस!" पलीकडून आवाज आला. एडनामावशी खिडकी जराशी वर करून वाकली होती, डोक्याला शाल. "वेळेवर उतरवलं बरं का सगळं! बर्फ धरायच्या आत! ती तुझी जाड दोरीसुद्धा भिजली असती, ती पण खालून ओढून सोडवली. कसली गच्च बसवली होतीस गं! माझी बोटं दुखताहेत अजून."

सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईने, त्या गुडघ्यांनी, बर्फात उभं राहून कप्पी उतरवली होती. मला ते डोळ्यांसमोर दिसलं आणि त्याच वेळी मला तिला काहीतरी तोडून बोलावंसं वाटलं.

ग्लेनिसने वर पाहिलं.

"दिसली टोपली, मावशी," ती म्हणाली. "आत जा आता. खिडकी लावून घ्या, गारठ्यात नका थांबू."

खिडकी बंद झाली. मी म्हणालो, "तिला सांगायला हवं."

"काय सांगायचं?"

"की ती दोरी नव्हती म्हणून. रसेलला तरी सांग. तुझी चूक नाही यात. शब्द मोडत नाही मग."

"आणि रसेल काय करील? संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत होईल. एडनाने घोटाळा केला. एडनाला आता दिसत नाही, कळत नाही. मग कुणीतरी शहाणा तिला सांगेल, मावशी, उद्यापासून धुण्याला हात लावू नका." ती वायरीचं वेटोळं उचलून खांद्यावर टाकत होती. "तिला करायला दुसरं काय राहिलंय, क्लिफ?"

"आणि तुला?"

"माझं मी बघते. तू तोंड उघडलंस तर बघ."

ग्लेनिसने फोन केल्यावर दुपारी रसेल आला. डीनलाही घेऊन आला होता, अवजारांची पेटी होती डीनकडे, काही वाचतं का बघायला. काही वाचण्यासारखं नव्हतं.

"काय झालं?" रसेलने विचारलं. "हीटर तर लावून आले म्हणालीस."

"लावायचा विसरले."

"विसरलीस?"

"म्हातारी झाले ना मी. तूच म्हणतोस."

मी तोंड उघडलं. तिने बुटाची टाच माझ्या पायावर दिली, पूर्ण वजनाने. मी खोकल्याचं निमित्त केलं.

रसेल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, मी हेच सांगत होतो गं," आणि त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, आजाऱ्याच्या ठेवतात तसा. ग्लेनिसचा चेहरा मी तेव्हा पाहिला. फुटलेल्या पंपापाशीही तो इतका उतरला नव्हता.

तिने कोटाच्या खिशातून व्हॅनची किल्ली काढून डीनच्या हातावर ठेवली. "शब्द दिला होता. घेऊन जा. क्लच कडक आहे, चढावर जपून."

डीनने किल्ली घेतली. तो थोडा घुटमळला. "मग, मिसेस ऑर्मरॉड... घरांचं? माझी पोरं या आठवड्यापासूनच सुरू करतील. लोकांना तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"काय सांगायचंय?"

"की घरं आता माझ्याकडे."

"कुणी म्हटलं?"

रसेल म्हणाला, "आई, शब्द दिला होतास."

"गाडीचा. क्लिफ साक्षीला आहे. क्लिफ, मी काय म्हणाले होते?"

"पुन्हा गोठली तर विकीन गाडी," मी म्हणालो. माझा पाय ठणकत होता, पण आवाज चांगला निघाला.

"गाडी विकली," ग्लेनिस म्हणाली. "घरं कुठे गोठलीत?"

"गाडीशिवाय तू काय करणार आहेस? शिडीवर चढणार?"

"खालच्या मजल्याला शिडी लागत नाही." ती डीनकडे वळली. "वरच्या खिडक्या तू घे. तुझ्या काठ्या लांब आहेत. खालच्या माझ्या."

"असं कधी होत नाही," डीन म्हणाला. "घर म्हणजे अख्खं घर."

"आता होईल. माझी खेप चुकलेली नाही. आज सोमवार, आज खालच्या पुलापासच्या घरांची पाळी. अजून उजेड आहे." तिने घड्याळात पाहिलंसुद्धा नाही. "कुणाला अर्धं घर पुसून नको असेल तर तो मला तोंडावर सांगेल. तू नाही सांगायचंस."

"आई, हा वेडेपणा आहे!"

"आता कसा ओरडलास! मगाशी मला भीतीच वाटली होती."

ती तळघरात गेली. खाली बराच वेळ खडखडाट झाला. वर आली ती पत्र्याची बादली, लांब केसांचा ब्रश, पितळी मुठीची रबरी पट्टी आणि खांद्यावर तागाची फडकी घेऊन. स्वयंपाकघरात बादली कोमट पाण्याने भरली. त्यात गाडीच्या काचेवर मारतात ते निळं औषध ओतलं, काचेवर पाणी गोठू नये म्हणून. रसेल दारात उभा होता. ती त्याच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडली आणि बर्फातून उताराला लागली. बादली डाव्या हातात, उजवा खांदा मोकळा.

डीन तिच्याकडे पाहत राहिला. मग मला म्हणाला, "हिला कसं समजावायचं?"

"मी तीस-पस्तीस वर्षं तिच्या समोर राहतो," मी म्हणालो. "मला माहीत असतं तर..."

मीठ घेऊन मी तिच्या मागे निघालो.

सगळं तिच्या मनासारखं झालं असं नाही. टेकडीवरच्या मोठ्या घरांनी अर्धी खिडकी नको म्हटलं, आणि तोंडावरच म्हटलं. ती "बरं" म्हणून फाटक लावून परत आली. नव्या वसाहतीतले बरेच गेले. दगडी गल्ल्यांतले राहिले. आमची, तिच्या मागची, पुलापासच्या दोन. तिथे वरच्या खिडक्या डीनची पोरं धुतात आणि खालच्या ग्लेनिस. एकदा दोघांची वेळ एकच आली. पोरगा वर ब्रश फिरवत होता आणि त्याचं सगळं पाणी हिच्या टोपीवर. पोरगा घाबरून म्हणाला, "बाई, जरा बाजूला होता का?" ती म्हणाली, "तू हो." आणि तो झाला. तो आला होता तिच्याच जुन्या व्हॅनमधून. दाराला डीनने नवा रंग दिलाय. ती व्हॅन चढावर आली की क्लच किंचाळतो, तेव्हा ग्लेनिस मान वर न करता म्हणते, "जपून म्हटलं होतं."

परवा आमच्या गल्लीची पाळी होती. थंडी अजून आहे. माझी खिडकी झाली आणि ती शेजारी एडनामावशीच्या खिडकीशी गेली. मी पायरीवर मीठ टाकत होतो. ग्लेनिसने काच भिजवली, पट्टी वरून खाली ओढली, फडक्याने कडा पुसल्या. बोटं लाल झाली होती. आत मावशी खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसली होती, शिकाऊ पोरीचं काम तपासावं तशी.

मावशीने आतून काचेवर टकटक केलं. डावीकडचा खालचा कोपरा. तिथे राहिलंय.

ग्लेनिसने वाकून तो कोपरा पुसला.

मावशीने मान हलवली. मग जरा विचार करून पुन्हा टकटक केलं. उजवीकडे, वर, तिथेही.

तिथे काही नव्हतं. मी उभा होतो तिथून मला स्वच्छ दिसत होतं. ग्लेनिसने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, दुखरा खांदा वर नेला आणि तो कोपराही पुसला.